सहा हजारांत दोन मुलांचे रोजचे कपडे: मोठ्या स्वस्त दुकानातून घ्यावेत का?

प्रश्न: तापीकाठची (चोपडा तालुका)

नमस्कार. आखाजी (अक्षय तृतीया) तीन आठवड्यांवर आली आहे आणि त्याआधी मला दोन्ही मुलांच्या कपड्यांची सोय लावायची आहे. मुलीला जळगावच्या एका पतसंस्थेत नोकरी लागून चार महिने झाले. मुलगा धुळ्यात वसतिगृहात राहून डिप्लोमा करतो. दोघांनाही सणाचे नव्हे, तर रोज घालून रोज धुवायचे कपडे हवे आहेत. हाताशी ६,००० रुपये आहेत आणि ते वाढण्यासारखे नाहीत.

आजवर आम्ही तालुक्याच्या गावातील ओळखीच्या दुकानातून कपडे घेत आलो, कारण कापूस विकल्यावर हिशेब चुकता करण्याची तिथे मुभा असते. मुलीचे म्हणणे असे आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी आता जी मोठी, ठरल्या भावाची दुकाने निघाली आहेत, तिथे कपडा स्वतः हाताळता येतो, घालून पाहता येतो आणि ‘ताई, यापेक्षा चांगला माल मिळणार नाही’ असे सांगणारे कोणी मागे उभे नसते. तिचे हे म्हणणे मला पटते. तरीही मन कचरते, कारण गेल्या उन्हाळ्यात एका दुकानातून ३५० रुपयांना एक अशा तीन कुर्ती घेतल्या होत्या. पहिल्याच धुण्यात एक चार बोटे आखडली आणि दुसरीचा रंग इतका गेला की तिच्यासोबत भिजवलेले यजमानांचे पांढरे उपरणेही वाया गेले. परत घेऊन गेले, तेव्हा दुकानदाराने बिलावर छापलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर बोट ठेवले. हजारभर रुपये गेल्याचे दुःख आहेच, पण मुलगी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तीच आखूड कुर्ती घालून गेली याचे मला जास्त वाईट वाटले.

स्वस्त कपडा घेताना तो टिकेल की नाही हे दुकानातच उभे राहून कसे ओळखावे? आपल्याकडच्या उन्हात कोणते कापड सोसवते? आणि बिलावरची ती ओळ खरोखरच शेवटचा शब्द असते का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: धुळ्याची शिलाई

ताई, मी २६ वर्षे शिवणयंत्रावर बसते. गेली काही वर्षे माझ्याकडे नवे कपडे शिवायला कमी आणि विकतचे कपडे उसवून अंगासरशी करायला जास्त येतात, त्यामुळे या दुकानांतील कपड्यांची आतली बाजू मी बाहेरच्या बाजूपेक्षा अधिक पाहिली आहे. म्हणूनच सांगते, कपडा हातात घेतला की आधी तो उलटा करा.

पहिली नजर बाजूच्या शिवणीवर टाका. आम्ही शिवतो तेव्हा आत माया ठेवतो, म्हणजे अंगाने वाढले तर उसवून सैल करता यावे इतके जादा कापड शिवणीत सोडतो. तयार स्वस्त कपड्यात ती माया जवळजवळ नसते. कापडाची कडा ओव्हरलॉक यंत्राने कापून बांधलेली असते आणि आत जेमतेम पाव इंच उरतो. त्यामुळे असा कपडा घट्ट झाला की माझ्यासारखीला त्यात काहीच करता येत नाही, उलट सैल असेल तर तो हवा तसा आत घेता येतो. मुलगा वाढत्या वयाचा असेल, तर शर्टाचे खांदे बरोबर बसले पाहिजेत आणि घेर थोडा सैल घेतला तरी चालेल. खांदा मात्र नंतर सुधारत नाही, कारण त्यासाठी बाही आणि कॉलर दोन्ही उसवावी लागते आणि ती मजुरी शर्टाच्या किमतीच्या घरात जाते.

नंतर टाके पाहा. चांगल्या शर्टात एका इंचात दहा ते बारा टाके बसलेले असतात. सहा-सातच दिसत असतील, तर ती शिवण काखेत आणि बैठकीत लवकर उसवते. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून हलकेच ताणा. मधून उजेड दिसला, तर कपडा जागेवर ठेवून द्या. बटण चिमटीत धरून फिरवून पाहा आणि काजाच्या कडेने धागे निघालेले आहेत का तेही बघा. पँट घेताना बैठकीच्या शिवणीवर दुहेरी टीप आहे ना, याची खात्री करा. मुलगा धुळ्यात दुचाकीवर किंवा सायकलीवर फिरत असेल, तर पँट पहिल्यांदा तिथेच जाते.

टी-शर्टाची एक खोड वेगळी आहे. तो उभा अर्धा दुमडून दोन्ही बाजूंच्या शिवणी एकमेकींवर ठेवा. एक शिवण पोटाकडे सरकत असेल, तर ते कापड वीण तिरकी असतानाच बेतलेले आहे आणि दोन-तीन धुण्यांनंतर शिवण पीळ घेऊन पुढे येते. हा दोष मी काय, कोणीच दुरुस्त करू शकत नाही.

कुर्तीच्या बाबतीत आपली जी फसगत झाली ती बहुधा रेयॉनमुळे झाली असावी. रेयॉन, ज्याला कपड्याच्या आतल्या पट्टीवर (लेबलवर) व्हिस्कोस असेही लिहितात, हाताला मऊ आणि थंड लागते, त्याचा पडही सुंदर असतो आणि उन्हाळ्यात ते सोसवते. पण ओले असताना त्याचा धागा बराच कमजोर होतो आणि पहिल्या धुण्यात ते आखडते. म्हणून रेयॉनची कुर्ती घ्यायचीच असेल, तर दोन इंच जास्त लांबीची घ्या, पिळू नका आणि ओली असताना बाहीला धरून दांडीवर ओढू नका. मीठ घातलेल्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, असे आपल्याकडे घरोघर सांगतात. माझा अनुभव तसा नाही. कारखान्यात जो रंग धाग्याला नीट बसलेला नसतो तो मिठाने बसत नाही. पहिली दोन धुणी वेगळ्या बादलीत, थंड पाण्यात, कपडा उलटा करून धुणे आणि सावलीत वाळवणे एवढेच आपल्या हातात आहे. खान्देशातल्या वैशाखाच्या उन्हात गडद रंगाचा कपडा दिवसभर टाकला, तर चांगल्या कापडाचाही रंग उडतो आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबण नीट निघून न गेल्याने कापड निबर होत जाते.

उत्तर २: भुसावळचा प्रवासी

मी थोडे वेगळे मत मांडतो. ओळखीचे दुकान इतक्या सहज सोडू नये. हंगाम गेल्यावर किंवा पावसाने ओढ दिल्यावर जो दुकानदार वर्षभर थांबतो, त्याची किंमत केवळ कपड्याच्या चिठ्ठीवरून काढता येत नाही. मोठ्या दुकानात खिशात पैसे असतील तरच आत जाता येते. शिवाय आपल्या भागात सुरतेचा माल थेट येतो, त्यामुळे जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या पाच कंदील भागात घासाघीस करणाऱ्याला मोठ्या दुकानापेक्षा कमी भावात कपडा मिळतो. एवढे मात्र मान्य करतो की सुरतेचा बहुतेक माल कृत्रिम धाग्याचा असतो आणि साडीला तो शोभला, तरी मे महिन्यात दिवसभर अंगात घालायच्या शर्टाला तो योग्य नाही.

उत्तर ३: नंदुरबारची लेक

मी नाशिकमध्ये अशाच एका मोठ्या दुकानात चौदा महिने काम केले आहे, त्यामुळे आतून पाहिलेले सांगते. काकू, ही दुकाने स्वस्त का देऊ शकतात हे समजले, की तिथे काय घ्यावे आणि काय घेऊ नये हेही आपोआप समजते. टाटा समूहातील ट्रेंट कंपनीच्या झुडिओ दुकानांचे उदाहरण घ्या. तिथे दुसऱ्या कोणाच्या छापाचा माल नसतो, सगळा स्वतःच्याच नावाचा असतो, बहुतेक कपडे हजार रुपयांच्या आत असतात आणि घरपोच विक्री नसते. मधले व्यापारी नाहीत, पाठवणीचा आणि परत आलेल्या मालाचा खर्च नाही आणि एकाच नमुन्याची मोठी मागणी कारखान्याला एकदम दिली जाते, त्यातून भाव खाली येतो. मॅक्स आणि रिलायन्स ट्रेंड्स यांचाही भर स्वतःच्या नावाच्या मालावरच असतो. म्हणजे स्वस्त आहे म्हणून तो उरलेला किंवा खराब माल असतो, ही समजूत चुकीची आहे. पण भाव आधी ठरवून कपडा त्यात बसवलेला असतो, हे खरे आहे. १९९ रुपयांच्या टी-शर्टात कापड पातळ असणार आणि ३९९ च्या टी-शर्टात जाड असणार. दोन्ही एकाच मांडणीवर शेजारी ठेवलेले असतात आणि छापील चित्र पाहून माणूस पातळ उचलतो. चित्राकडे न पाहता आत हात घालून पाहा, बोटांचा रंग आरपार दिसत असेल तर तो रोजच्या धुण्याचा नाही.

जाण्याचा दिवस सोमवार ते गुरुवार यांपैकी ठेवा आणि दुकान उघडल्यावर लगेच जा. रविवारी संध्याकाळी घालून पाहण्याच्या खोलीपुढे रांग असते, लोक कंटाळून न घालताच माल उचलतात आणि दुसऱ्या दिवशी बदलायला येतात. माप एका नावाचे दुसऱ्याशी जुळत नाही. एका ठिकाणी ज्याला ‘एम’ बसते त्याला दुसरीकडे ‘एल’ लागते, म्हणून मुलासाठी त्याच्या गैरहजेरीत पँट घेऊ नका. तो आखाजीला घरी येणारच असेल, तर एक दिवस आधी जळगावला उतरवून घ्या. नमुना मनात भरला आणि मापही बसले, तर ‘पुढच्या महिन्यात घेऊ’ असे म्हणू नका, कारण नमुने भराभर बदलतात आणि तोच कपडा पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

बिल करताना भ्रमणध्वनी क्रमांक मागतात. तो देणे सक्तीचे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना तशी समजही दिली होती. छापील किमतीत सर्व कर धरलेला असतो, त्यामुळे वर कर म्हणून काही मागितले तर देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका कपड्याची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याआधी ही मर्यादा १,००० रुपये होती आणि त्यावरच्या कपड्याला १२ टक्के लागत असे. तुमच्या खरेदीला या बदलाने फारसा फरक पडणार नाही, पण थंडीचे जॅकेट घ्यायचे असेल तेव्हा तो ध्यानात ठेवा. घरून कापडी पिशव्या न्या.

आता त्या छापील ओळीविषयी. तो शेवटचा शब्द नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, त्यात सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही गोष्ट स्पष्टपणे येते. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि मुदतच लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत. फक्त एक फरक नीट समजून घ्या. रंग आवडला नाही किंवा माप चुकले म्हणून बदलून देणे ही त्या त्या दुकानाची सवलत असते. पट्टीवर लिहिल्याप्रमाणे धुतल्यावरही कपडा आखडणे किंवा रंग जाणे हा दोष आहे आणि तिथे तुमचा हक्क लागतो. दुकानदाराने ऐकले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, पण तीन कुर्तींसाठी आधी मदतवाहिनीच बरी. त्यासाठी बिल आणि आतली पट्टी दोन्ही सांभाळून ठेवावी लागतात. आपल्याकडे बायका टोचते म्हणून ती पट्टी पहिल्याच दिवशी कापून टाकतात. महिनाभर तरी कापू नका.

उत्तर ४: सरकी आणि रुई

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करण्याच्या कारखान्यात, आयुष्य गेले आहे, म्हणून धाग्याविषयी लिहितो. ताईंच्या घरी कापूस होतो, तेव्हा हा हिशेब त्यांना जवळचा वाटेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. क्विंटलभर कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, बाकीची मुख्यतः सरकी असते आणि तिचे मोल वेगळे मिळते. १८० ग्रॅम वजनाच्या एका सुती टी-शर्टाला, सूतकताईतील, विणाईतील आणि बेतण्यातील घट धरली, तर अंदाजे पाव किलो रुई लागते, म्हणजे जवळपास पाऊण किलो कापूस. हमीभावाने त्याचे साठ रुपयांच्या आसपास होतात. त्यानंतर सूत, विणाई, रंग, शिलाई, वाहतूक, दुकानाचे भाडे आणि कर. म्हणून कोणी १४९ रुपयांना ‘शंभर टक्के सुती, जाड’ टी-शर्ट देतो म्हणाला, तर मी आधी तो हातात तोलून पाहतो आणि मग आतली पट्टी वाचतो. बहुतेक वेळा एक तर कापड विरविरीत असते किंवा त्यात पॉलिस्टर असते. यात फसवणूकच असते असे नाही, पट्टीवर तसे लिहिलेलेही असते, पण आपण ती वाचत नाही.

पॉलिस्टरला नावे ठेवण्याचेही कारण नाही. ते आखडत नाही, लवकर वाळते, इस्त्रीची गरज फारशी पडत नाही आणि लवकर झिजतही नाही. अडचण आहे ती घामाची. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा सहज धरून ठेवतो आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा हा फरक अंगावर कळतो. घाम कापडात न मुरता पाठीवरच राहतो आणि वासही धुण्याने पूर्ण जात नाही. माझ्या मते आपल्या भागात अंगाला चिकटून असणारे जे जे असेल, म्हणजे बनियन, आतले कपडे, टी-शर्ट, कुर्ती, ते सुती घ्यावे आणि पँट, पावसाळी जॅकेट, ओढणी यांत मिश्र धागा आला तरी हरकत नाही. मुलाच्या पँटमध्ये ९७-९८ टक्के सूत आणि दोन-तीन टक्के इलास्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) असेल, तर ती बसता-उठता ताणते आणि गुडघ्यावर फुगत नाही. मुलीच्या लेगिंगला मात्र त्याहून जास्त लागते.

पट्टीच नसलेला कपडा घेतला असेल, तर आतल्या शिवणीतून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सुताचा आणि रेयॉनचा धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मात्र तो धागा कापडाचा हवा, शिलाईचा नको, कारण सुती कपडासुद्धा बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्यानेच शिवलेला असतो. खान्देश ही कापसाची भूमी, अमळनेरला प्रताप मिल आणि जळगावला खान्देश मिल याच कापसावर उभ्या राहिल्या होत्या. त्या मातीतल्या मुलांनी मे महिन्यात पॉलिस्टरमध्ये उकडून निघावे, हे मला मनापासून लागते. म्हणून इतके लिहिले.

तापीकाठची (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल मुलांना घेऊन जळगावला जाऊन आले. सकाळी अकराच्या आत पोहोचल्याने घालून पाहायला निवांत वेळ मिळाला. दुकानात उभ्याने मी कपडे उलटे करून टाके मोजत होते, तेव्हा मुलीला आधी संकोच वाटला, पण नंतर तिनेच दोन कुर्ती बाजूला काढल्या, कारण एकीच्या काखेतून उजेड दिसत होता आणि दुसरीच्या पट्टीवर निव्वळ पॉलिस्टर होते.

मुलीसाठी ४९९ च्या तीन सुती कुर्ती, २९९ च्या दोन लेगिंग आणि ३९९ ची एक रेयॉनची कुर्ती घेतली. मुलासाठी ७९९ च्या दोन पँट आणि २९९ चे तीन टी-शर्ट. सगळे मिळून ४,९८९ रुपये झाले. उरलेल्या हजाराचे मी मोठ्या दुकानात काही घेतले नाही. भुसावळच्या दादांचे म्हणणे मनात होते, म्हणून मुलाचे बनियन, टॉवेल आणि मुलीचा दुपारी गाडीवर घालायचा सनकोट तालुक्याच्या दुकानातून रोखीने आणला. शेठ म्हणाले, ‘ताई, रोख कशाला?’ त्या प्रश्नाने बरे वाटले.

आता दोन शंका राहिल्या आहेत. रेयॉनची कुर्ती दोन इंच लांब घेतली आहे, पण तिच्या बाह्यासुद्धा आखडतील का? आणि मुलाच्या एका पँटची लांबी जास्त आहे. ती आताच कापून घ्यावी का?

धुळ्याची शिलाई

ताई, बाह्याही आखडतात, पण लांबीच्या मानाने कमी. मनगटापर्यंतची बाही असेल तर बोटभर, आणि कोपरापर्यंतची असेल तर जाणवणारही नाही. पँट मात्र आता मुळीच कापू नका. निव्वळ सुती असेल तर दोन धुणी होऊ द्या. मग मुलाला ती घालून, पायात रोजचे बूट चढवून उभे करा आणि तेव्हा खूण करा. कापतानाही जादा कापड टाकून देऊ नका. दीड-दोन इंच आत दुमडून हातशिलाईने टाचून घ्या. मुलगा अजून वाढणार आहे आणि या पँटमध्ये माया राहील अशी तेवढी एकच जागा आहे. तो धुळ्यातच असतो, तेव्हा आग्रा रोडला आला की माझ्याकडे पाठवा, दुकानाचा पत्ता वेगळ्या निरोपात देते.